उसन्या अडचणी

आमच्या धंद्यातल्या माणसाला 'तू कोड कशात लिहितोस' असं विचारलं, तर तो एडिटरचं नाव सांगून थांबत नाही. लगेच कारणं द्यायला लागतो. हलका आहे, झटकन उघडतो, फुकट आहे, प्लगइन भरपूर मिळतात. कारणं खोटी नसतात, पण ती मागाहून जमवलेली असतात. थोडं खोदून विचारलं की वेगळीच हकीकत बाहेर येते. कॉलेजच्या लॅबमध्ये जे टाकलेलं होतं ते, किंवा पहिल्या नोकरीत शेजारच्या खुर्चीवर जो कुणी बसायचा त्याचं जे होतं ते. महिन्या-दोन महिन्यांत ते बोटांत उतरतं, आणि मग त्यावर विचार करायचं काम डोक्याकडे राहतच नाही.

मला यातली एक गोष्ट फार दिवस खुणावते आहे. प्रत्येक एडिटर कुणाच्या तरी अडचणीतून निघालेला असतो. ती अडचण त्या माणसाची, त्याच्या यंत्राची, त्या वर्षाची. त्याने काढलेला तोडगा आपण सोय म्हणून घेतो, आणि मूळ अडचण कधीच संपलेली असली तरी तिच्या खुणा तोडग्यावर राहतात. त्या कुठे कुठे दिसतात हे हुडकत बसणं हा माझा रिकामपणचा उद्योग आहे.

आमच्या वयाच्या बहुतेकांची सुरुवात निळ्या पडद्यावर झाली. विदर्भातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची कॉम्प्युटर लॅब. चपला दाराबाहेर, अख्ख्या इमारतीत एसी त्या एकाच खोलीला, आणि एका पीसीवर आम्ही तिघी. टर्बो सी++ उघडलं की वर करड्या रंगाची मेनूची पट्टी, खाली कुठली एफ-की कशासाठी त्याची यादी, आणि मध्ये गडद निळ्यावर पिवळी अक्षरं. ऑल्ट-एफ-नाइनने कंपाइल, कंट्रोल-एफ-नाइनने रन. कीबोर्ड जिच्याकडे ती मालकीण; बाकी दोघींनी सेमीकोलन राहिला म्हणून ओरडायचं.

रन केलं की प्रोग्रॅम काळ्या पडद्यावर चालायचा, उत्तर छापायचा, आणि ते वाचायच्या आत पुन्हा निळी खिडकी समोर. म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेवटी गेट-सीएच लिहायचं, म्हणजे कुणीतरी एखादी की दाबेपर्यंत तो ताटकळत राहील. मागच्या वेळचं उत्तरही तिथे तसंच पडून असायचं, म्हणून सुरुवातीला क्लिअर-स्क्रीनची ओळ. जर्नलमधल्या प्रत्येक प्रोग्रॅमला या दोन ओळी होत्याच. व्हायवाला एक्स्टर्नल त्यांच्यावर प्रश्न विचारायचे आणि आम्ही पाठ केलेली उत्तरं द्यायचो. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' सगळ्यांच्या सॅकमध्ये, कुणाचं विकतचं, कुणाचं सीनियरकडून आलेलं. गेट-सीएच आणि क्लिअर-स्क्रीन ही दोन्ही फंक्शन्स सी भाषेच्या प्रमाण लायब्ररीत नाहीतच, ती डॉसच्या पडद्यासाठी बोरलँडने दिलेली आहेत, हे पुढे लिनक्सवर तोच प्रोग्रॅम कंपाइल करताना कळायचं. एका खिडकीची अडचण आम्ही भाषेचा नियम म्हणून पाठ केली होती.

तरी टर्बोला हसायची जी फॅशन आहे ती मला मान्य नाही. त्या घराण्याचा मूळपुरुष टर्बो पास्कल, 1983 सालचा. डेन्मार्कच्या अँडर्स हेल्सबर्गने लिहिलेला कंपायलर बोरलँडने 49.95 डॉलरला विकायला काढला; तेव्हा चांगला कंपायलर घ्यायचा तर काहीशे डॉलर मोजावे लागत. त्याआधीची रीत अशी, की एडिटर एका फ्लॉपीवर, कंपायलर दुसऱ्या, लिंकर कदाचित तिसऱ्या. लिहायचं, सेव्ह करायचं, बाहेर पडायचं, फ्लॉपी बदलायची, कंपाइल करायचं, एररची यादी कागदावर उतरवून घ्यायची आणि पुन्हा एडिटरमध्ये शिरून त्या ओळी शोधायच्या. टर्बोने हे सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबलं. 3.02 ही त्याची आवृत्ती जेमतेम 40 केबीची होती, आजच्या एखाद्या वेबसाइटवरचा लोगोसुद्धा याहून जड असतो. आणि एरर आला की कर्सर आपण होऊन त्या जागी जाऊन उभा राहायचा. माझ्या मते या अख्ख्या इतिहासातली सगळ्यांत मोठी उडी हीच. त्यानंतर झालं ते पुष्कळसं नक्षीकाम.

टर्बोचं चुकलं इतकंच की तो उठून गेला नाही, आणि तोही दोष त्याचा नव्हे. लॅबमध्ये 64-बिटचं विंडोज आलं तेव्हा हा 16-बिटचा प्रोग्रॅम त्यावर चालेना. तर डॉसबॉक्स नावाचं खोटं डॉस उभं करून त्यात त्याला बसवण्यात आलं. प्रॅक्टिकलच्या स्लिपा छापलेल्या होत्या, मॅन्युअल तयार होतं, सरांची उत्तरं तयार होती. फ्लॉपीची अडचण जाऊन तपं लोटली, आणि तिच्यावरचा तोडगा मात्र आमच्या नंतरच्या कितीतरी बॅचेसना सक्तीचा राहिला.

पहिल्या नोकरीत माझा प्रोग्रॅम ज्या सर्व्हरवर चालायचा तो अमेरिकेत होता. एका मशीनवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, असं करत पोचायचं. आपल्याकडे रात्र होऊन तिकडचा दिवस सुरू झाला की लाइन अशी मंदावायची, की दाबलेलं अक्षर पडद्यावर उमटायची वाट बघत बसावं लागे. त्या सर्व्हरवर व्हीआय सोडून दुसरा एडिटर नव्हता. व्हीआय उघडल्यावर आपण टाइप करतो ते अक्षर म्हणून उमटत नाही, हुकूम म्हणून पाळलं जातं. डी दोनदा दाबला की अख्खी ओळ गायब, यू दाबला की ती परत. लिहायचं असेल तर आधी आय दाबून लिहिण्याच्या अवस्थेत जायचं, लिहून झालं की एस्केप दाबून परत हुकमाच्या अवस्थेत. नवा माणूस यात हमखास गोंधळतो. आमचे टीम लीड मागे उभे राहून एवढंच म्हणायचे, "एस्केप दाब. अगं, आधी एस्केप दाब, मग काय ते कर."

हा विचित्रपणा कुणाच्या अडचणीतून आला हे मी फार पुढे वाचलं, आणि वाचताना ती मंदावलेली लाइन आठवली. 1976 च्या सुमाराला बर्कलीत शिकणारा बिल जॉय हा विद्यार्थी घरून 300 बॉडच्या मोडेमवर काम करत असे. म्हणजे सेकंदाला साधारण 30 अक्षरं. 80 रकाने आणि 24 ओळींचा पडदा भरायला 1920 अक्षरं लागतात. नुसता पडदा पुन्हा रंगवायचा तर मिनिटाहून जास्त वेळ. अशा माणसाला मेनू परवडत नाही, 'तुम्हाला खात्री आहे का' असले प्रश्न परवडत नाहीत. कमीत कमी अक्षरांत जास्तीत जास्त काम व्हावं आणि पडदा शक्यतो हलू नये, एवढीच त्याची निकड. युनिक्सवर तोवर केन थॉम्प्सनचा एड होता. त्यात फाइल डोळ्यांसमोर दिसायचीच नाही, आणि काहीही चुकलं तरी तो फक्त एक प्रश्नचिन्ह छापायचा. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातल्या जॉर्ज कुलुरिसने त्याला थोडं माणसाळवलं होतं. ते पाहून जॉयने पुढचं सगळं रचलं.

रचलं ते एडीएम-3ए नावाच्या टर्मिनलवर. त्याला वेगळ्या बाणांच्या कीज नव्हत्या. एच, जे, के, एल या अक्षरांवरच बाण छापलेले होते. म्हणून आजही व्हिम वापरणारा माणूस डावी-खाली-वर-उजवीकडे जायला हीच चार अक्षरं दाबतो, जरी त्याच्या कीबोर्डवर बाणांच्या चार स्वतंत्र कीज रिकाम्या बसलेल्या असल्या तरी. त्याच टर्मिनलवर होम ही की आणि '~' ही नागमोडी रेघ एकाच ठिकाणी होती, आणि युनिक्समध्ये आपल्या घरच्या फोल्डरला ती नागमोडी रेघ चिकटली ती तिथूनच. एस्केपचं सांगायचं तर, आज जिथे टॅब असते तिथे, क्यूच्या डाव्या अंगाला ती होती. करंगळी नुसती सरकवली की पोचायची. आमचे टीम लीड 'आधी एस्केप दाब' म्हणत तेव्हा माझा हात कीबोर्ड सोडून वरच्या कोपऱ्यात जायचा. ज्याने हे ठरवलं त्याचा हात कुठेच जात नव्हता.

आता मी स्वतः व्हिमच वापरते, म्हणजे व्हीआयचा सुधारलेला वंशज. नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनारने अमिगा या कॉम्प्युटरवर स्वतःसाठी तो करायला घेतला आणि 1991 मध्ये लोकांना दिला. पैसे मागितले नाहीत. नुसता व्हिम उघडला की पहिल्याच पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ येते. तिथल्या किबाले या गावी तो काही काळ राहून आला होता आणि तिथल्या मुलांसाठी त्याने संस्था काढली. 2023 च्या ऑगस्टमध्ये तो गेला. व्हिमबद्दलचे विनोद जगभर चालतात, त्यातला मुख्य म्हणजे यातून बाहेर कसं पडायचं ते कळत नाही. 2017 मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवरच्या याच प्रश्नाने 10 लाख वाचनांचा टप्पा ओलांडला. विनोद मलाही आवडतो. पण मंद लाइनवर, दूरच्या सर्व्हरवर, रात्री दोन वाजता कॉन्फिगची एक ओळ बदलायची असते तेव्हा कुणी हसत नाही.

उसन्या अडचणीचा खरा चटका मात्र मराठी लिहिताना बसतो. हा लेखही मी व्हिममध्येच लिहिते आहे, इन्स्क्रिप्ट लेआउटवर. इन्स्क्रिप्ट चालू असताना एस्केप दाबलं आणि सवयीने एच-जे-के-एल दाबले, तर व्हिमला मिळतात प, र, क, त. त्याला यातलं काही कळत नाही; कर्सर जागचा हलत नाही. सेव्ह करून बाहेर पडायचा हुकूम दिला तर त्याच्या पदरात छ आणि त्यामागे दोन मोकळ्या मात्रा पडतात. म्हणून प्रत्येक वाक्यानंतर लेआउट बदलायचा, हलायचं, परत बदलायचा. यावर व्हिममध्ये उपाय आहेत, मी ते केलेले नाहीत. आता बोटांना हेही अंगवळणी पडलं आहे. शिवाय टर्मिनलची समजूत अशी, की एक अक्षर म्हणजे एक चौकोन. 80 रकान्यांची ही चौकट आयबीएमच्या 1928 सालच्या पंचकार्डापासून चालत आली आहे. त्या चौकटीत 'मर्त्य' किंवा 'क्षितिज' बसवायला गेलं की कुठे शिरोरेषा तुटते, कुठे ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या घरात जाऊन बसते. पंचकार्ड आखणाऱ्याला मराठी येत नव्हतं याबद्दल त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. मी तरी इतकी वर्षं हट्टाने याच खिडकीत लिहिते, त्याला काय म्हणायचं?

ईमॅक्सबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, कारण त्यात मी कधी राहिले नाही. व्हिम आणि ईमॅक्सवाल्यांचं जुनं भांडण आहे, त्यातही मला रस नाही. ईमॅक्सही 1976 चाच; एमआयटीच्या एआय लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी टेको नावाच्या एडिटरवरच्या मॅक्रोंमधून उभा केलेला. तिथल्यांची अडचण जॉयच्या अगदी उलटी. मशीन हाताशी, पडदा वेगवान, आणि प्रत्येकाने स्वतःचे मॅक्रो लिहून ठेवलेले, त्यामुळे एकाच्या टर्मिनलवर दुसऱ्याला काम करता येईना. म्हणून सगळ्यांचं एकत्र केलं, आणि ज्याला जे हवं ते त्यात घालायची मुभा ठेवली. ही मुभा इतकी, की त्यात पत्रं वाचता येतात, टेट्रिस खेळता येतं, आणि डॉक्टर नावाचा एक प्रोग्रॅम तुमच्या मनाची विचारपूस करतो. आमच्या ऑफिसातल्या ईमॅक्सवाल्याने कॅप्स लॉकला कंट्रोल करून टाकलं होतं, करंगळी दुखायची म्हणून. लिस्प मशीन नावाच्या जुन्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर कंट्रोल स्पेसबारला खेटून असायची, अंगठ्याखाली. ती कोपऱ्यात गेली, ईमॅक्सचे कंट्रोलवाले हुकूम तसेच राहिले.

मग जावा आली, आणि माझ्यापुरती तरी सगळी गणितं बदलली. दुसऱ्या नोकरीत मला एका बँकेचा जुना कोड मिळाला. लाखो ओळी, लिहिणारे कधीच सोडून गेलेले, कागदपत्रं अपुरी. या कोडमध्ये शिरल्यावर वेगाने टाइप करता येणं काही कामाचं नव्हतं. दिवसात मी जेमतेम दहा-पंधरा ओळी लिहायची. उरलेला वेळ हे फंक्शन कुठून कुठून बोलावलं जातं, ही किंमत कुठे बदलते, हे शोधण्यात जायचा. नाव बदलण्यासारखी साधी गोष्ट घ्या. 'रेट' या नावाच्या चलाला 'व्याजदर' म्हणायचं आहे. नुसता एडिटर ते अक्षरं म्हणून शोधतो, आणि बेसावध राहिलं तर 'कॉर्पोरेट'मधला रेटही उचलून 'कॉर्पोव्याजदर' करून ठेवतो. शब्द पूर्ण असला तरच बदल असं सांगितलं तरी या वर्गातला रेट कुठला आणि त्या वर्गातला कुठला हे त्याला कसं कळणार? ते कळायला कोड वाचावा लागतो, कंपायलर वाचतो तसा.

ते काम आयडीईने केलं, म्हणजे एडिटर, कंपायलर आणि कोड समजून घेणारी हत्यारं एकत्र असलेल्या प्रोग्रॅमने. आयबीएमने 2001 च्या नोव्हेंबरात एक्लिप्सचा कोड खुला केला, त्याच वर्षी जानेवारीत प्रागच्या जेटब्रेन्सचा इंटेलिजे आलेला होता. मार्टिन फाउलरचं रिफॅक्टरिंगवरचं, म्हणजे चालता कोड न मोडता त्याची मांडणी सुधारण्यावरचं, पुस्तक 1999 चं. त्यात टप्प्याटप्प्याने हाताने करायच्या म्हणून सांगितलेल्या गोष्टी या आयडीई एका शॉर्टकटवर करून देऊ लागल्या. त्याची किंमत मेमरीत मोजावी लागे. सकाळी प्रोजेक्ट उघडायचा, खाली इंडेक्सिंगची पट्टी सरकायला लागायची, आणि आम्ही कँटीनला जायचो. पण परत आल्यावर एका नावावर कर्सर ठेवून त्याचे सगळे वापर एका यादीत बघायला मिळत. त्या काळात मी व्हिमची आठवणही काढली नाही. म्हणजे काढली, आयडीईतच व्हिमसारख्या कीज देणारं प्लगइन टाकून घेतलं. बोटं ऐकत नव्हती.

इथे एक माणूस मला फार लक्षवेधी वाटतो. एरिक गामा, स्वित्झर्लंडचा. 1994 च्या 'डिझाइन पॅटर्न्स' या गाजलेल्या पुस्तकाच्या चार लेखकांपैकी एक, केंट बेकबरोबर जेयुनिट लिहिणारा, आणि एक्लिप्सच्या बांधणीतला प्रमुख. 2011 मध्ये तो मायक्रोसॉफ्टमध्ये गेला, आणि झुरिकमधल्या त्याच्या छोट्या टीममधून 2015 मध्ये व्हीएस कोड बाहेर पडला. सगळं पोटात घेणारी आयडीई बांधलेला हा माणूस, त्याने आतून जवळपास रिकामा असा एडिटर दिला. आत ब्राउझरचं इंजिन, लिहिलेला टाइपस्क्रिप्टमध्ये. आणि टाइपस्क्रिप्ट ही भाषा त्याच अँडर्स हेल्सबर्गची, टर्बो पास्कलवाल्याची.

त्याहून महत्त्वाचं काम 2016 मध्ये झालं. मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडएन्व्ही यांच्याबरोबर लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. भाषेचं ज्ञान, म्हणजे हे नाव कुठलं, याचा प्रकार काय, हे वापरलं कुठे, हे सगळं एका वेगळ्या प्रोग्रॅममध्ये काढून ठेवलं, आणि कुठल्याही एडिटरने त्याला ठरावीक पद्धतीने प्रश्न विचारावेत अशी व्यवस्था केली. पूर्वी मंगल कार्यालय घेतलं की त्याचाच आचारी घ्यावा लागे, आता आचारी कुठेही येतो असं झालं. व्हिममध्येही तो येतो, ईमॅक्समध्येही. त्यामुळे 'मोठ्या कोडला आयडीईच हवी' हा माझा ठाम समज ढिला पडला आणि मी गुपचूप व्हिमकडे परतले. बाकी जग व्हीएस कोडकडे गेलं. स्टॅक ओव्हरफ्लोच्या 2023 च्या सर्वेक्षणात 73 टक्क्यांहून जास्त लोकांनी त्याचं नाव घेतलं. गिटहबने 2014 मध्ये आणलेला ॲटम, ज्याच्यासाठी बनवलेल्या पायावर व्हीएस कोड उभा राहिला, तो 2022 च्या डिसेंबरात बंद झाला.

आता भाच्याचं सांगते. सांगलीला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, लॅपटॉप 4 जीबीचा. त्याचा फोन आला, "मावशी, सी शिकायला कुठला एडिटर घेऊ? सगळे व्हीएस कोड म्हणतात."

"मग घे की."

"घेतला. डार्क थीम पण टाकली. पण रन होत नाही."

व्हिडिओ कॉलवर पाहिलं. थीम झकास होती, आयकॉन रंगीत होते, एक्स्टेंशनची रांग लागलेली होती. फक्त कंपायलर नव्हता. यात व्हीएस कोडची चूक काही नाही. तो एडिटर आहे, कंपायलर आपला आपण आणायचा असतो, तसं त्याच्या माहितीत लिहिलेलंही आहे. विंडोजवर कंपायलर उतरवा, त्याचा पत्ता पाथमध्ये घाला, मग कंपाइल कसं करायचं ते एका जेसन फाइलमध्ये लिहा, डीबग कसं करायचं ते दुसऱ्या. तो एक हिंदी व्हिडिओ बघून हे करत होता, आणि व्हिडिओतल्या माणसाच्या पडद्यावर जे दिसायचं ते याच्या पडद्यावर दिसत नव्हतं. बघता बघता माझ्या लक्षात आलं, की हा पोरगा 1983 च्या आधीच्या जागी बसला आहे. एडिटर एका फ्लॉपीवर, कंपायलर दुसऱ्या फ्लॉपीवर. टर्बोने जे एकत्र केलं होतं ते अनुभवी लोकांच्या सोयीसाठी पुन्हा सुटं झालं, आणि अनुभवी लोकांना त्याचा त्रास नाही, कारण सगळे तुकडे त्यांच्याकडे आधीच असतात. मला दहा भाषांत काम करावं लागतं, म्हणून मला रिकामा एडिटर हवा. त्याला एकच भाषा शिकायची आहे, तीसुद्धा सोमवारच्या प्रॅक्टिकलपुरती.

"कोड-ब्लॉक्स उतरव," मी म्हटलं. "मिनजीडब्ल्यू लिहिलेली सेटअप फाइल घे, त्यात कंपायलर आतच असतो."

"ते जुनाट दिसतं गं मावशी. पोरं हसतील."

"हसू दे. चालतंय का बघ."

चाललं. गेट-सीएच लिहावं लागलं नाही, याचं मला उगाच समाधान वाटलं. डार्क थीम त्यातही शोधून काढलीच त्याने. थीम आणि फाँट यांवर वेळ घालवणाऱ्यांना मी पूर्वी हसत असे. आता वाटतं, दिवसाचे आठ-नऊ तास जिथे डोळे लावून बसायचं ती जागा जरा आपल्या मनासारखी असावी, यात हसण्यासारखं काय आहे? फक्त ते करताना काम चालू आहे असं मानू नये.

हल्ली निवडीचा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. 2021 मध्ये गिटहबचा कोपायलट हा एआय मदतनीस आला. मग कर्सर नावाचा एडिटर, जो व्हीएस कोडच्याच खुल्या कोडवर उभा आहे. तुम्ही दोन अक्षरं लिहिता, पुढच्या ओळी फिक्या रंगात आपण होऊन उमटतात. पटलं तर टॅब, नको असेल तर एस्केप. बिल जॉयच्या टर्मिनलवर ज्या ठिकाणी एस्केप होती, 'लिहिणं थांबव, आता काय करायचं ते सांग' म्हणणारी, बरोबर त्याच ठिकाणी आता टॅब आहे, 'बरं, असू दे' म्हणणारी. करंगळीचं अंतर तेवढंच.

हा तोडगा कुणाच्या अडचणीवरचा, हे मी आमच्या टीममधल्या एका मुलाला विचारलं. मला वाटलं होतं तो टाइप करायचा कंटाळा म्हणेल. तो लातूरकडचा, बारावीपर्यंत मराठी माध्यमातला. "मॅडम, मला कोडचं भ्या नव्हतं," तो म्हणाला, "डॉक्युमेंटेशनच्या इंग्रजीचं होतं. एकेक पान तीनदा वाचायचो. आता मराठीत विचारतो, मराठीत सांगतो हा." यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. त्याची अडचण खरी होती, आणि एडिटरच्या इतिहासात तिच्यासाठी आजवर कुणी काही केलं नव्हतं.

माझी अडचण दुसऱ्या बाजूची. तो आता दिवसाला जेवढा कोड पाठवतो, तेवढा पूर्वी आठवड्याला यायचा. रिव्ह्यू मला करायचा असतो. तिथे हत्यार म्हणून काय आहे? डावीकडे जुन्या ओळी लाल, उजवीकडे नव्या हिरव्या. तीस फाइल्स बदलल्या असतील तर तीस, त्याही नावांच्या अक्षरक्रमाने, विचारांच्या नव्हे. हा बदल कुठल्या विनंतीपासून सुरू होतो, कुठल्या टेबलाशी जाऊन पोचतो, वाटेत दहा वर्षांपूर्वी कुणीतरी घातलेली कुठली अट मोडतो, हे मी अजून पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने बाण काढून शोधते. एस्केप, टॅब, एच-जे-के-एल, सगळं लिहिणाऱ्याच्या हातासाठी झालं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी म्हणून मुळापासून रचलेला एडिटर मला अजून भेटलेला नाही. जो काढेल त्याच्यावर असाच ढिगाने आलेला कोड वाचायची पाळी आलेली असणार. तो आला तर माझी बोटं मी पुन्हा पहिलीपासून शिकवायला तयार आहे. एस्केप कुठे ठेवली आहे तेवढं आधी विचारीन.